सतरावा दात

डावीकडच्या कॅमची खूण आठ मिलिमीटर अलीकडेच थांबली होती.

क्रँकवरून दोन्ही कॅम फिरवणाऱ्या दातांच्या पट्ट्याला, म्हणजे टायमिंग बेल्टला, मी अजून हातही लावला नव्हता. क्रँकची पुली आणि पुढची दोन्ही कव्हरं काढून झाली होती, चारही स्पार्क प्लग ओळीने मांडून ठेवले होते, आणि क्रँकचा बोल्ट परत लावून, त्यावर लांब दांड्याचा पाना चढवून मी इंजिन हाताने फिरवत होते. एक नंबरचं सिलिंडर टॉपला आलं, म्हणजे त्यातला पिस्टन सर्वांत वर पोचला. खाली क्रँकवरची खूण ऑइल पंपाच्या अंगावरच्या खाचेसमोर उभी राहिली. उजवीकडचा कॅम एक्झॉस्टचा, धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह उघडणारा, त्याचीही खूण खाचेसमोर. डावीकडचा इनटेकचा, हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हचा. त्याची खूण तेवढी मागे राहिली.

माझंच काही चुकलं असेल असं वाटलं, म्हणून आणखी दोन फेरे दिले. तेच. मान वाकडी करून पाहिलं, मग अगदी समोरून, मग आरसा धरून. तेच. शेवटी पट्टी लावली. आठ मिलिमीटर. या बेल्टच्या एका दातापासून पुढच्या दातापर्यंतचं अंतरही आठच मिलिमीटर आहे. बेल्ट वयाने ताणला असता तर खूण केसभर सरकली असती. ही बरोबर एक दात मागे होती.

गाडी बाबांची. सात वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये तिचा टायमिंग बेल्ट बदलून घेतला होता. त्यानंतर ती एकदाही रस्त्यात बंद पडली नाही, सकाळी एका चावीत चालू व्हायची, सपाट रस्त्यावर छान पळायची. चढ आला की मात्र दमायची. बाबा चढ समोर दिसताच गिअर उतरवायचे. मी याच गाडीवर शिकले, त्यामुळे माझ्याही हाताला तेच वळण लागलं. पायथ्याशी तिसरा सोडायचा, दुसरा घ्यायचा आणि आवाज सहन करत वर जायचं. “हिचा जीवच तेवढा,” असं बाबा म्हणत आणि आम्हा सगळ्यांना ते पटलेलं होतं. घरातल्या माणसाचा स्वभाव जसा कुणी तपासायला जात नाही, तसं गाडीचंही झालं. तो सगळा स्वभाव आता माझ्या पट्टीवर आठ मिलिमीटर भरत होता.

मी दादाला फोन लावला. दादाचं सगळं आयुष्य इंजिनं उघडण्यात गेलंय. मला पाना धरायला त्यानेच शिकवलं.

“दादा, इनटेक एक दात मागे आहे. जुन्या बेल्टवरच आहे.”

“बेल्ट काढलास?”

“नाही अजून.”

“मग नशीब. काढल्यावर विचारलं असतंस तर मी म्हणालो असतो, तूच हलवलास.”

“आहे तसाच बसवू का? सात वर्षं चालली ना गाडी.”

“चालली,” तो म्हणाला. “कशी चालली ते तू सांग.”

मी त्याला चढाचं सांगितलं. तो थोडा वेळ काही बोलला नाही.

एका दाताने इतका फरक का पडावा, हे मला ऐकून माहीत होतं. त्या दिवशी कागद घेऊन बसले तेव्हा ते खरं समजलं. क्रँकशाफ्ट पिस्टनना खालीवर नाचवतो, कॅमशाफ्ट व्हॉल्व्ह उघडतो आणि मिटतो. हवा आत घेणं, दाबणं, जाळणं आणि धूर बाहेर टाकणं, एवढ्या चार कामांना क्रँकचे दोन फेरे लागतात आणि तेवढ्यात कॅमने एकच फेरा घ्यायचा असतो. म्हणून आमच्या इंजिनात क्रँकच्या पुलीला २४ दात आहेत आणि प्रत्येक कॅमच्या पुलीला ४८. एक दात चुकला की कॅम साडेसात अंशांनी चुकतो, आणि क्रँकच्या मापात मोजायचं तर १५ अंशांनी.

पिस्टन खाली निघाला की इनटेक व्हॉल्व्ह उघडतो आणि तळाशी पोचला की मिटतो, असं पुस्तकातल्या सोप्या आकृतीत असतं. खऱ्या इंजिनात तो जरा आधी उघडतो आणि बराच उशिरा मिटतो. पिस्टन तळ गाठून परत वर निघालेला असतो, क्रँक तळापासून ४०-५० अंश पुढे गेलेला असतो, तरी व्हॉल्व्ह अजून उघडाच असतो. कारण नळीतून धावत आलेल्या हवेलाही वेग असतो. ती पिस्टन थांबला म्हणून थांबत नाही, मागून येणारी हवा पुढच्या हवेला आत रेटत राहते. इंजिन घडवणाऱ्यांनी तो उशीर मुद्दाम ठेवलेला असतो, मोजूनमापून ठेवलेला असतो. मला त्या आकड्यांबद्दल आदर वाटतो. हवेच्या स्वभावाचा इतका बारीक विचार कुणीतरी केला आहे.

आता त्या मोजलेल्या उशिरात एक दात घाला. समजा व्हॉल्व्ह तळानंतर ४५ अंशांवर मिटायचा होता, तो आता ६० वर मिटतो. आमच्या इंजिनात पिस्टनची धाव ८० मिलिमीटरची आणि कनेक्टिंग रॉड १३० मिलिमीटरचा. गणित केलं तर ४५ अंशांवर पिस्टन तळापासून सुमारे ९ मिलिमीटर वर आलेला असतो, ६० अंशांवर सुमारे १५. मधल्या सहा मिलिमीटरांत इंजिन वेगात असेल तर हवेचा रेटा थोडंफार निभावून नेतो. हळू असेल तर हवेत तेवढा जोर नसतो, वर येणारा पिस्टन तिला आल्या वाटेने परत ढकलतो आणि दाबायला कमी हवा उरते. म्हणजे फेरे कमी आणि ओझं जास्त, अशाच वेळी ही चूक सर्वांत जास्त नडते. तिसऱ्या गिअरवर चढ चढताना इंजिनाची नेमकी तीच अवस्था असते.

आणि कळायला दुसरा मार्गही नव्हता. हल्लीच्या गाड्यांत क्रँकवर आणि कॅमवर वेगवेगळे सेन्सर असतात. दोघांचा मेळ बसला नाही की पी००१६ नावाचा कोड उमटतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. बाबांच्या गाडीला कॅमचा सेन्सरच नाही. ठिणगी कधी टाकायची हे क्रँकवरून ठरतं, त्यामुळे ठिणगी वेळेवर पडत राहिली. दिवा लागला नाही, आवाज आला नाही.

टायमिंग बेल्ट म्हटलं की लोकांना तो तुटण्याची भीती वाटते, आणि ती खरी भीती आहे. आमच्यासारख्या इंजिनात पूर्ण उघडलेला व्हॉल्व्ह आणि टॉपला आलेला पिस्टन एकच जागा वापरतात, फक्त वेगवेगळ्या वेळी. बेल्ट तुटला की कॅम जागच्या जागी थांबतात, क्रँक मात्र आपल्या वेगाने फिरत राहतो आणि पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर जाऊन आदळतात. व्हॉल्व्ह वाकतात, इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, उतरवावं लागतं, कधी पिस्टनही फुटतो. तेव्हा निदान सगळ्यांना कळतं तरी. मला त्या दिवसापासून एक दात मागे चालणाऱ्या इंजिनाची जास्त काळजी वाटते. ते चालू होतं, माणसं पोचवतं, आणि आपण त्याच्या कमी ताकदीला सरावतो.

बेल्ट काढण्याआधी मला एक खात्री करून घ्यायची होती. क्रँकची खूण आणि उजव्या कॅमची खूण एकमेकींशी जुळत होत्या, तिसरीच वेगळं सांगत होती, म्हणजे चूक तिसरीचीच असणार हे उघड होतं. तरी मन मानेना. खुणा कुणीतरी पाडलेल्या असतात. बाहेरच्या पुलीवरच्या खुणेवर तर मी विसंबतच नाही. त्या पुलीत आतलं कडं आणि बाहेरचं कडं यांच्यामध्ये रबराचा थर असतो, रबर वयाने सुटलं की बाहेरचं कडं खुणेसकट सरकतं. हेड कधी घासून घेतलं असेल तर कॅम आणि क्रँक यांच्यातलं अंतर कमी होतं आणि वरच्या खुणा किंचित हलतात. म्हणून टॉप खरोखर टॉप आहे का, हे पिस्टनलाच विचारायचं ठरवलं.

हे वाटतं तितकं सोपं नाही. प्लगच्या भोकातून लांब स्क्रूड्रायव्हर सोडायचा आणि तो वर यायचा थांबला की टॉप आला म्हणायचं, असं पुष्कळ जण करतात. पण पिस्टन टॉपजवळ येताना इतका मंदावतो की तो नेमका कुठे थांबला हे बोटांना कळतच नाही. आमच्या इंजिनात क्रँक टॉपच्या पाच अंश अलीकडे असला तरी पिस्टन टॉपपासून जेमतेम ०.२ मिलिमीटर खाली असतो. मधल्या पट्ट्यात हाच पिस्टन दर अंशाला ०.७ मिलिमीटर धावतो. म्हणून टॉपवर टॉप शोधायचाच नाही. मी प्लगच्या भोकात बारीक अंतर मोजणारं डायल गेज बसवलं, क्रँकच्या बोल्टवर अंशांची कागदी चकती चिकटवली, पिस्टन टॉपला यायला बरोबर एक मिलिमीटर उरला तिथला अंश लिहिला, मग त्याच दिशेने पुढे फिरवत पिस्टन टॉप ओलांडून एक मिलिमीटर उतरला तिथला लिहिला. दोन्हींचा मध्य तोच टॉप. खुणेच्या अलीकडे अकरा अंश आणि थोडं, पलीकडेही अकरा अंश आणि थोडं. क्रँकची खूण खरी होती.

मग पांढऱ्या रंगाने जुन्या बेल्टवर दोन्ही कॅमच्या खुणांसमोर ठिपके दिले आणि वरच्या बाजूने ठिपक्यांमधले दात मोजले. सतरा. दुरुस्तीच्या पुस्तकात सोळा आहेत. पुष्कळ जण बेल्ट बदलताना जुन्या बेल्टवरच्या अशा रंगाच्या खुणा दात मोजून नव्यावर उतरवतात आणि नवा तसाच चढवतात. पद्धत वाईट नाही, घाईत उपयोगी पडते. पण मी तशी केली असती तर सतरावा दात नव्या बेल्टबरोबर पुढच्या सात वर्षांना वारशाने मिळाला असता.

दात असलेल्या या पट्ट्याचा जन्म मोटारीसाठी झालेला नाही, हे मला वाचून आठवत होतं. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या गिल्मर कंपनीतल्या रिचर्ड केस यांनी तो शिलाई मशीनसाठी तयार केला. सुई खाली गेली की नेमक्या त्याच क्षणी खालच्या आकड्याने दोऱ्याचा फास पकडायला हवा, नाहीतर टाका सुटतो. साधा पट्टा घसरतो, म्हणून पट्ट्याला दात दिले. मोठ्या संख्येने बनणाऱ्या मोटारीत तो यायला १९६२ उजाडलं. जर्मनीतल्या डिंगोल्फिंग गावच्या ग्लास कंपनीने आपल्या १००४ या छोट्या गाडीत कॅमशाफ्ट फिरवायला साखळीऐवजी दातांचा पट्टा लावला. चार वर्षांनी, १९६६ मध्ये, आउरेलियो लांप्रेदी यांच्या फियाटच्या दोन कॅमच्या इंजिनात तो दोन कॅमवरून फिरू लागला. हलका, आवाज न करणारा, तेल न मागणारा. काम मात्र शिलाई मशीनमध्ये होतं तेच राहिलं. वरचं आणि खालचं एका टाक्यात ठेवायचं.

बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर सैल केला, बेल्ट डाव्या पुलीवरून उतरवला, आणि “टक्” आवाज करत डावा कॅम आपोआप मागे फिरला.

माझं काळीज हललं. होणार हे माहीत होतं, तरीही. कॅमच्या पोटाखाली व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा सतत वर रेटत असतात. एखादा व्हॉल्व्ह अर्धवट उघडा असेल तर त्याची स्प्रिंग कॅमला ढकलून मोकळी व्हायला बघते. बेल्ट असेपर्यंत तो तिला आवरून धरतो. सात वर्षं तो नुसता फिरवत नव्हता, धरूनही होता, हे त्या आवाजाने कळलं.

हात लगेच पान्याकडे गेला. कॅम परत खुणेवर आणायची घाई झाली होती. तेवढ्यात दादाचं आधीच सांगितलेलं आठवलं. क्रँक टॉपला असताना बेल्टशिवाय कॅम फिरवायचा नाही. एक आणि चार नंबरचे पिस्टन वर येऊन बसलेले असतात, पान्याच्या जोराने व्हॉल्व्ह त्यांच्यावर टेकला की वाकला. आधी क्रँक पाव फेरा मागे घ्यायचा. मग चारही पिस्टन आपापल्या सिलिंडरच्या मध्यावर येतात आणि कुठलाच व्हॉल्व्ह कुठल्याच पिस्टनपर्यंत पोचू शकत नाही. मी क्रँक पाव फेरा मागे घेतला, कॅमच्या षटकोनावर पाना लावून तो हळूहळू खुणेवर आणला, मग क्रँक परत टॉपला. कुठेही काही अडकलं नाही. तळहाताला घाम आला होता.

वॉटर पंप, दोन्ही कॅमचे आणि क्रँकचं ऑइल सील, नवा टेन्शनर, नवा आयडलर, म्हणजे बेल्टला वाट देणारी मोकळी पुली, ही कामं सरळ झाली. हे सगळं बेल्टबरोबरच बदलावं, कारण यातलं एक जरी गळालं किंवा अडकलं तरी नव्या बेल्टचा जीव जातो. तेल आणि कूलंट त्याला चालत नाही. तो वाकवून घडी घालू नये, पीळ देऊ नये, उलटा करू नये. वरून रबर दिसतं, पण ओढ सहन करतात त्या आतल्या काचेच्या धाग्यांच्या दोऱ्या. काच ताणाला बळकट असते, मुडपली की आतल्या आत तुटते आणि बाहेरून काही दिसत नाही. उतरवलेला जुना बेल्ट मी उजेडात धरून पाहिला होता. चीर नाही, दात झिजलेले नाहीत, पाठ नुसती चकाकत होती. बघून काही सांगता येत नाही, म्हणूनच त्याला किलोमीटर आणि वर्षं दोन्हींची मर्यादा असते आणि जी आधी येईल ती पाळायची असते.

नवा बेल्ट चढवायचा क्रम ठरलेला असतो. क्रँक समोरून पाहिलं तर घड्याळाच्या दिशेने फिरतो. तो उजवीकडचा बेल्ट खाली ओढतो, उजवा कॅम वरचा बेल्ट ओढतो, त्याने डावा कॅम फिरतो. क्रँकवरून सुटलेला बेल्ट डावीकडून सैल होत वर जातो आणि टेन्शनर त्याच बाजूला बसलेला असतो. म्हणून क्रँकपासून सुरुवात करायची, उजवी बाजू ताठ ठेवायची, दोन कॅममधला पदर ताठ ठेवायचा, आणि उरलेली सगळी ढील डावीकडे टेन्शनरच्या ताब्यात द्यायची.

मी तसंच केलं, किंवा तसंच केलं असं मला वाटलं. डाव्या हातात पाना, त्याने डावा कॅम खुणेवर धरलेला, स्प्रिंग उलटं ढकलत होती. उजव्या हाताने बेल्ट दातांवर सरकवत होते. बसला. तिन्ही खुणा समोरासमोर. वरचा पदर किंचित फुगल्यासारखा दिसला, पण टेन्शनर सोडला की तो ढील ओढून घेईल, असं मनात आलं. टेन्शनरला दाबून धरणारी पिन काढली. त्याने ढील खरंच ओढून घेतली, वरचा पदर ताठ झाला. मी मान वळवून पाना खाली ठेवला. खुणा आत्ताच तर पाहिल्या होत्या, म्हणून परत पाहिल्या नाहीत.

मग हाताने दोन फेरे. हे कधीच चुकवायचं नाही, आणि स्टार्टरने तर नाहीच. स्टार्टरला अडथळा कळत नाही. हाताला कळतो. एखाद्या ठिकाणी क्रँक घट्ट लागला तर थांबायचं, जोर लावायचा नाही, तिथे व्हॉल्व्ह पिस्टनला टेकला असू शकतो. प्लग काढलेले असले की इंजिन मऊ फिरतं. प्रत्येक अर्ध्या फेऱ्यात स्प्रिंगांचा रेटा आधी अंगावर येतो, मग ओसरतो, आणि तो ओसरताना पाना हातातून पुढे पळतो. एक फेरा. दुसरा फेरा. क्रँकची खूण खाचेसमोर. उजव्या कॅमची खाचेसमोर.

डावी आठ मिलिमीटर अलीकडे.

मी तशीच जमिनीवर बसले. पहिला विचार असा आला की खूणच चुकीची असेल. पुस्तकच दुसऱ्या इंजिनाचं असेल. सात वर्षांपूर्वीही तिथेच, आजही तिथेच, म्हणजे या इंजिनाची हीच जागा असेल. किती पटण्यासारखा होता तो विचार! संध्याकाळ झाली होती, कंबर धरली होती, आणि “हिचा जीवच तेवढा” हे वाक्य ओठांपर्यंत आलं होतं.

मग दात मोजले. खूण ते खूण, नखाने एकेक दाबत. सतरा. परत मोजले. सतरा.

तेव्हा तो फुगलेला पदर आठवला आणि सगळा प्रकार उलगडला. टेन्शनर ढील ओढून घेतो हे खरं, पण दोन कॅममधली ढील त्याला थेट ओढता येत नाही, मध्ये डावा कॅम असतो. ती ओढायला त्याला डावा कॅमच मागे फिरवावा लागतो. माझ्या हातातला पाना सुटताच त्याने तो एक दात मागे फिरवला, स्प्रिंगही त्याच बाजूने ढकलत होती. सात वर्षांपूर्वीही अगदी हेच झालं असणार. त्या गॅरेजवाल्याच्याही एका हातात पाना असेल, दुसऱ्या हातात बेल्ट, पदर किंचित फुगलेला, खुणा समोरासमोर, मनात तोच विचार. नंतर त्याने दोन फेरे दिले की नाही मला माहीत नाही. दिवसभर त्या माणसावर माझा राग धुमसत होता. आता त्याच जागी माझे हात काळे होऊन थांबले होते आणि मला त्याचा हात दिसत होता.

दादाला फोन केला.

“परत सतरा,” मी म्हणाले.

“फिरवून बघितलंस म्हणून सतरा कळले,” तो म्हणाला. “आता टेन्शनर परत दाब. सावकाश दाब, तेलाचा आहे तो. डावा कॅम खुणेच्या केसभर पुढे धर, बेल्ट बसव आणि मग कॅमला हळूच मागे येऊ दे. खुणेवर येता येता पदर ताठ झाला पाहिजे. ताठ झाला नाही तर दात चुकला.”

टेन्शनर वाइसमध्ये धरून मिनिट-दोन मिनिटं लावून दाबला आणि पिन परत घातली. क्रँक पाव फेरा मागे, कॅम जागेवर, क्रँक परत टॉपला. डावा कॅम केसभर पुढे धरला. बेल्ट बसवला, पाना सैल सोडला. कॅम स्वतःच मागे आला, वरचा पदर तारेसारखा ताठ झाला आणि खूण खाचेसमोर येऊन थांबली. ज्या स्प्रिंगेने मला दिवसभर छळलं, तिनेच पदर ताणून दिला. दात मोजले. सोळा. पिन काढली, परत मोजले. सोळा. मग हाताने दोन फेरे, आणि मन भरेना म्हणून आणखी दोन. तिन्ही खुणा जागेवर.

मात्र बेल्टवर छापलेल्या पांढऱ्या रेघा कुठेतरी भलत्याच ठिकाणी गेल्या होत्या. नवख्या माणसाला इथे धडकी भरते. घाबरायचं कारण नसतं. त्या रेघा फक्त बसवतानाच्या कामाच्या. बेल्टला १४५ दात, कॅमला ४८. या दोन आकड्यांना एकाशिवाय सामाईक भाग नाही. त्यामुळे बेल्टच्या रेघा आणि पुल्यांच्या खुणा परत एकत्र यायला क्रँकला २९० फेरे घ्यावे लागतात. हे मुद्दाम केलेलं असतं, म्हणजे बेल्टचा तोच तो दात पुलीच्या त्याच त्या खाचेत पुन्हा पुन्हा झिजत नाही.

पुली चढवली, टॉर्क रेंचने बोल्ट आवळला, कव्हरं लावली, प्लग बसवले. चावी फिरवली. इंजिन पहिल्या झटक्याला लागलं, पण ते आधीही लागायचं. फरक मला सायलेन्सरच्या आवाजात जाणवला. आयडलिंगला जी एक पुसट थरथर इतकी वर्षं स्टिअरिंगला होती, जिच्यावर आम्ही कधी बोललोही नव्हतो, ती गेली होती.

दुसऱ्या दिवशी बाबांना घेऊन चढावर गेले. मी चालवत होते. पायथा आला तसा त्यांचा हात गिअरकडे सरकला, ते शेजारी बसलेले असूनही. मी तिसऱ्यावरच राहिले. गाडी आवाज न वाढवता वर निघाली, मधल्या वळणावरही तिने मान टाकली नाही. वर पोचेपर्यंत बाबा खिडकीबाहेर बघत होते. “आधीपासून अशी असती तर,” एवढंच म्हणाले, आणि वाक्य सोडून दिलं.

घरी आल्यावर मी इंजिन चालूच ठेवलं आणि बॉनेट उघडून उभी राहिले. मिनिटाला ८०० फेरे. २९० फेऱ्यांना बावीस सेकंदं. मी घड्याळाकडे पाहत होते. बाबा जवळ येऊन उभे राहिले.

“काय मोजतेस?”

“आतल्या खुणा भेटतात, बाबा. दर बावीस सेकंदांनी.”

त्यांनी कव्हरच्या कडेवर तळहात ठेवला. “आत्ता?”

“थांबा,” मी म्हणाले. “एकोणीस. वीस.”